टूलबार कुठंही असो, उधारी बरोबर लागली पाहिजे!

मित्रांनो, मराठी विभागात टूलबारवर लेख वाचायला मिळेल असं तुम्हाला वाटलं नसेल. मी लिहीन असं मलाही वाटलं नव्हतं. पहिला पाऊस, मेसची डाळ आणि 'ती' हे विषय दरवर्षीप्रमाणे याही अंकात असणारच, तेव्हा दोन-तीन पानं इकडं गेली तर बिघडत नाही. शिवाय हा विषय वाटतो तितका जर्नलमधला नाही. तो माझ्या काकांच्या दुकानातल्या उधारीचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टूलबारवर बसवलेल्या एखाद्या कंट्रोलपर्यंत कोडमधून कसं पोचायचं, याचा रस्ता आपण लॅबमध्ये एकमेकांच्या पेन ड्राइव्हवरून चुकीचा उचलतो. आणि तो चुकीचा आहे हे कळायची सोय आपल्या प्रॅक्टिकल परीक्षेत नाही. मला ते कळलं, पण त्याची किंमत दुसऱ्याच कुणी मोजली.

माझं गाव देवगाव रंगारी, तालुका कन्नड. गावात काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. खताच्या विक्रीसाठी 2018 पासून आधार लावायचं पॉस मशीन आहे, पण ते सरकारला स्टॉक कळवण्यापुरतं. कुणाकडं किती बाकी आहे, हे त्या मशीनला काय माहीत? ते काकांच्या लाल वहीत. आपल्या भागात शेतकरी हंगामाला माल नेतो आणि पीक विकलं की पैसे देतो. मका, कापूस विकला की खरिपाची बाकी मिटते. गहू, हरभरा, कांदा निघाला की रब्बीची. म्हणजे उधारीच्या प्रत्येक नोंदीला तारखेइतकाच हंगामही महत्त्वाचा. बरं, तारखेवरून हंगाम ओळखावा म्हटलं तर तेही जमत नाही. ऑक्टोबरात एक जण कपाशीवर शेवटची फवारणी करायला औषध नेतो आणि त्याच दिवशी दुसरा हरभऱ्याचं बियाणं नेतो. हंगाम माणसानंच सांगावा लागतो.

थर्ड इयरला मिनी प्रोजेक्टसाठी मी ही वही कॉम्प्युटरवर आणायची ठरवली. दुकानातला पीसी जुना, मेमरी कमी, आणि लाइट व नेट दोन्हींचा भरवसा नाही. म्हणून वेबच्या भानगडीत न पडता सी प्लस प्लस आणि एमएफसी घेतलं. एमएफसी 1992 सालचं आहे, म्हणजे वयानं आपल्यापेक्षा बरंच मोठं, पण अजूनही व्हिज्युअल स्टुडिओबरोबर मिळतं आणि जुन्या मशीनवर पळतं. वरती टूलबार: नवीन, जमा, नावे, प्रिंट. आणि त्याच टूलबारवर एक कॉम्बो बॉक्स: खरीप, रब्बी, उन्हाळी.

टूलबारवर कॉम्बो बसवणं ही तशी जुगाडाचीच गोष्ट. टूलबारवर एक रुंद सेपरेटर टाकायचा, त्याची जागा मोजायची आणि तिथं टूलबारचाच चाइल्ड म्हणून कॉम्बो तयार करायचा. बसला एकदाचा. पुढचा प्रश्न असा की 'नावे' बटण दाबल्यावर नोंद लिहिणारं माझं फंक्शन व्ह्यूमध्ये आहे आणि कॉम्बो टूलबारवर. त्यात कोणता हंगाम निवडलाय हे व्ह्यूला कळणार कसं?

मी सगळे जसं करतात तसं केलं. गेट डायलॉग आयटम. फ्रेमला विचारलं, माझ्या आयडीचा कॉम्बो दे. तिनं नल दिला. कारण गेट डायलॉग आयटम फक्त सख्खी मुलं बघतं, नातवंडं नाही. डॉकिंग चालू केलं की एमएफसी फ्रेमच्या चारही कडांना एकेक अदृश्य डॉकबार लावतं. टूलबार असतो डॉकबारच्या पोटात आणि कॉम्बो टूलबारच्या पोटात. एका सिनिअरच्या प्रोजेक्टमध्ये यावर तोड मिळाली: फ्रेमकडून वरचा डॉकबार घ्यायचा, त्याच्याकडून टूलबार, टूलबारकडून कॉम्बो. तीन पायऱ्यांची एक लांबलचक ओळ. चालली! आणि मध्ये कुठं नल आला तर प्रोग्राम पडू नये म्हणून मी मोठ्या हुशारीनं लिहिलं, की नल आला तर शून्य परत कर.

शून्य म्हणजे यादीतला पहिला हंगाम. शून्य म्हणजे खरीप.

व्हायवा उत्तम झाला. एक्स्टर्नल सरांनी दोन नोंदी करायला लावल्या, प्रिंट बघितली, मेसेज मॅपची व्याख्या विचारली आणि चांगले मार्क दिले. टूलबारला कुणी हातही लावला नाही. का लावतील? आम्ही पोरं परीक्षेच्या वेळी आपला प्रोग्राम नव्या नवरीसारखा जपत असतो.

दुकानात काकांनी तिसऱ्याच दिवशी तो ओढून डावीकडं लावला. त्यांचं बरोबरच होतं. स्क्रीन रुंद आणि बुटकी, वर टूलबार असला की यादीच्या दोन ओळी कमी दिसतात. संध्याकाळी फोन आला, "अरे, ते खरीप-रब्बीचं खोकं कुठं गेलं? निम्मंच दिसतंय." उभ्या टूलबारमध्ये आडवा कॉम्बो मावत नाही, कापला जातो. मी म्हटलं, "काका, बंद करून चालू करा." त्यांनी केलं, टूलबार परत वर आला, कारण बारची जागा लक्षात ठेवणारं कोड मी लिहिलंच नव्हतं. पुढच्या सुटीत गावी जाऊन दोन दुरुस्त्या केल्या. एक म्हणजे टूलबार फक्त वर आणि खाली डॉक होईल असं केलं. दुसरी म्हणजे ती तीन पायऱ्यांची ओळ काढून तिच्या जागी गेट डिसेंडंट विंडो टाकलं. हे फंक्शन नातवंडं, पणतवंडं सगळी धुंडाळतं. आता टूलबार वर असो की खाली, कॉम्बो सापडणारच. मी खूश होऊन होस्टेलला परत आलो. नल आला तर शून्य, ही ओळ मात्र तशीच ठेवली. आता नल येईलच कशाला?

हा प्रश्न मला डिसेंबरपर्यंत कुणी विचारला नाही.

आमच्या गावाजवळच्या वस्तीवरचे एक बाबा आहेत. काकांचे बरेच जुने गिऱ्हाईक. त्यांनी मका विकून दिवाळीच्या आतच खरिपाची सगळी बाकी दिली होती आणि नोव्हेंबरात हरभऱ्याचं बियाणं व खत उधारीवर नेलं होतं. डिसेंबरात ते औषधाची बाटली घ्यायला आले. काका लासूरला गेलेले, गल्ल्यावर माझा चुलतभाऊ. त्यानं स्क्रीनवर बघून चार माणसांत सांगितलं, "बाबा, तुमची खरिपाची बाकी दिसती, ती अगोदर मिटवा." बाबा काही बोलले नाहीत. बाटली टेबलावर ठेवली आणि निघून गेले. संध्याकाळी काका आल्यावर पावती पुस्तकाच्या कार्बन कॉपीशी ताळा केला, तर एकट्या बाबांची नाही, अकरा जणांची रब्बीची नोंद खरिपाला लागलेली! काका दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर जाऊन बाबांची माफी मागून आले. मला फोनवर एवढंच म्हणाले, "तू ये आणि तुझ्या डोळ्यानं बघ. मी रब्बीच निवडत होतो."

मी गेलो आणि बघितलं. खरंच रब्बी निवडलेलं दिसत होतं. टूलबार कुठंच डॉक केलेला नव्हता. एमएफसीत टूलबारच्या मोकळ्या जागेवर डबल क्लिक केलं की तो सुटतो आणि छोट्या खिडकीत तरंगायला लागतो. काकांच्या हातून तसं होत होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं. टूलबार पाहिजे तिथं सरकवता येतो. कॉम्बो आडवा, पूर्ण दिसणारा, त्यात ठळक 'रब्बी'. आणि फाइलमध्ये 'खरीप'. रोज रात्री पीसी बंद व्हायचा, सकाळी टूलबार वर दिसायचा आणि नोंदी बरोबर लागायच्या. ज्या दिवशी दुपारी तो सुटायचा, त्या दुपारनंतरच्या नोंदी चुकायच्या. म्हणून इतके दिवस कळलं नाही.

असं का झालं, हे आपल्या होस्टेलच्या भाषेत सांगतो. फर्स्ट इयरला मी रूम नंबर 14 मध्ये होतो, नंतर 31 मध्ये. घरून डबा पाठवताना "रूम 14, खिडकीजवळची कॉट" असा पत्ता दिला असता, तर रूम बदलल्यावर डबा भलत्यानंच खाल्ला असता. माझी तीन पायऱ्यांची ओळ म्हणजे हा पत्ता. बरं, वॉचमनला सांगितलं की सगळ्या रूम धुंडाळ, कुठंतरी सापडेल. हे झालं गेट डिसेंडंट विंडो. पण मी सुटीवर गावी असलो तर? कुठल्याच रूममध्ये सापडणार नाही. म्हणून काय मी होस्टेलचा विद्यार्थी राहिलो नाही? रेक्टर सरांच्या रजिस्टरमध्ये माझं नाव आहेच!

तरंगणारा टूलबार सुटीवर असतो. तो ज्या छोट्या खिडकीत राहतो ती फ्रेमची चाइल्ड नसते, स्वतंत्र पॉपअप असते. फ्रेमच्या पोटात कितीही शोधा, तो मिळणार नाही. पण एमएफसीच्या फ्रेमकडे रजिस्टर आहे. गेट कंट्रोल बार नावाचं फंक्शन टूलबारचा आयडी घेतं आणि बार तरंगत असला तरी तोच बार परत देतं. मदतीच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते पान डिसेंबरात वाचलं, जूनमध्ये वाचायला हवं होतं.

याहून महत्त्वाची एक गोष्ट त्याच आठवड्यात कळली. पॅरेंट वेगळा आणि ओनर वेगळा. टूलबार ओढला की त्याचा पॅरेंट बदलतो: आज वरचा डॉकबार, उद्या खालचा, परवा तरंगत्या खिडकीतला डॉकबार. ओनर मात्र मुख्य फ्रेमच राहतो. कॉम्बोमधली निवड बदलली की तो आपल्या पॅरेंटला, म्हणजे टूलबारला, निरोप देतो आणि टूलबार तो निरोप ओनरकडे पाठवतो. तिथून आधी चालू व्ह्यूला आणि डॉक्युमेंटला विचारलं जातं, मग फ्रेमला. टूलबार कुठंही असला तरी निरोप अचूक पोचतो. म्हणजे कॉम्बोला शोधत फिरायची मला गरजच नव्हती. तो स्वतःच सांगत होता आणि माझ्या प्रोग्राममध्ये ऐकणारं कुणी नव्हतं!

आता मी असं केलंय. कॉम्बो मेनफ्रेमचा मेंबर आहे, त्याचा निरोप मेनफ्रेमच घेते आणि निवडलेला हंगाम डॉक्युमेंटमध्ये ठेवते. नोंद लिहिणारं फंक्शन फक्त डॉक्युमेंटला विचारतं. टूलबार नावाची वस्तू जगात आहे हेच त्याला माहीत नाही. हंगाम निवडलेला नसेल तर नोंद होत नाही, मोठ्या अक्षरात तसं येतं. 'नल आला तर शून्य' कायमचं गेलं. माझ्या मते सगळ्यात मोठं पाप त्या ओळीचंच होतं. ती नसती तर प्रोग्राम पडला असता, काका चिडले असते, मी शिव्या खाल्ल्या असत्या आणि बाबा त्या दिवशी बाटली घेऊन घरी गेले असते. पडणारा प्रोग्राम परवडला. खोटं लिहून हसतमुखानं चालणारा नाही परवडत.

टूलबारच्या बटणांबद्दलही जाता जाता सांगतो, कारण या सेमिस्टरला निदान तिघांना मी यात अडकलेलं पाहिलं. कॉम्बो ही निदान खरी विंडो तरी असते. टूलबारवरची बटणं विंडो नसतातच, सगळा टूलबार मिळून एकच विंडो. त्यामुळे 'जमा' बटण बंद करायला गेट डायलॉग आयटम वापरलं की नल येणार आणि पुढच्याच कॉलला प्रोग्राम झोपणार. टूलबारचंच फंक्शन वापरून बटण बंद केलं, तर एमएफसी फावल्या वेळात अपडेट हँडलरला विचारून ते परत चालू करून टाकतं. तेव्हा त्या हँडलरमध्येच सांगायचं, 'जमा' कधी चालू, कधी बंद. मेनूतली तीच कमांडही त्याच्याबरोबर सुधारते, हा फुकटचा फायदा.

माझा रूममेट म्हणतो, "एमएफसी मेलं, तू कशाला त्याचे तेरावे घालतोस?" त्याला मी इतर घरांतलंही दाखवलं. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये 2005 पासून टूलस्ट्रिप आहे. त्यावरचा कॉम्बो हा फॉर्मच्या कंट्रोल्सच्या यादीत नसतोच, तो टूलस्ट्रिपच्या आयटम्समध्ये असतो. फॉर्मवरची सगळी खोकी रिकामी करणारा लूप लिहिला की टूलबारवरचं खोकं तेवढं भरलेलं राहतं. क्यूटीमध्ये तरंगणारा टूलबारही मुख्य विंडोचाच मुलगा राहतो, त्यामुळे शोधणं सोपं. पण तिथं दुसरीच गंमत. टूलबारवर ठेवलेलं विजेट लपवायचं तर विजेटला सांगून उपयोग नाही, ते ठेवताना मिळालेल्या ॲक्शनला सांगावं लागतं. आणि वेबवाले माझे मित्र पानावर "याच्या बापाचा बाप, त्याचा तिसरा मुलगा" असं करत कंट्रोल शोधतात, तेव्हा मला माझी तीन पायऱ्यांची ओळ आठवते. घर बदललं म्हणून सवय बदलत नाही.

त्याचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा होता. तो म्हणाला, "टूलबार हलूच देऊ नको ना! डॉकिंगची ओळ काढली की झालं." खरं आहे, एका ओळीचं काम. मी दोन दिवस त्यावर विचार केला. मग काकांना विचारलं, "टूलबार वर पक्का करू का?" ते म्हणाले, "दुकानात काउंटर कुठं ठेवायचं हे तू ठरवणार का?" त्यांच्या डाव्या बाजूला पावती पुस्तक असतं, चष्मा लावून मान वर करायला त्रास होतो, म्हणून त्यांना टूलबार खाली उजवीकडं हवा असतो. विझार्डनं दिलेली डॉकिंगची ओळ मी न वाचता ठेवली होती. ती वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो, की हे तू हलवू शकतोस. शब्द दिल्यावर माझं कोड त्याला धरून असायला हवं होतं.

म्हणून लॅबच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती आहे. प्रॅक्टिकलला व्याख्या विचारा, जरूर विचारा, पण एकदा माउस स्वतःच्या हातात घ्या. टूलबार ओढून डावीकडं लावा, खाली लावा, सोडून द्या, बंद करून परत दाखवा आणि मग नोंद करायला लावा. एका विद्यार्थ्यामागं दोन मिनिटं लागतील. पहिल्या वर्षी निम्मे प्रोजेक्ट पडतील असा माझा अंदाज आहे, आणि माझा त्यात पहिला असता. ज्युनिअर मित्रांना सांगायचं तर माझा प्रोजेक्ट लॅबच्या सर्व्हरवर अजून जुन्याच स्वरूपात पडून आहे. ती तीन पायऱ्यांची ओळ त्यातून कृपया उचलू नका. नवीन प्रत मी सबमिशनच्या आत तिथं ठेवतोय.

बाबा मार्चमध्ये हरभरा विकून आले आणि रब्बीची बाकी पूर्ण देऊन गेले. मी तेव्हा दुकानातच होतो. पावती छापून दिली. त्यांनी ती लांब धरून बघितली आणि विचारलं, "ह्याच्यात रब्बी कुठं लिवलंय?" पावतीवर हंगाम छापायचं मला सुचलंच नव्हतं. मी पेननं लिहून दिलं. त्यांनी खाली काकांची सही घेतली, घडी घालून पावती टोपीत ठेवली आणि ते एसटीकडं निघाले. पावतीच्या फॉरमॅटमध्ये हंगामाची ओळ त्याच रात्री टाकली.